चिउलीसाठी अंथरूण

फाल्गुनातली सकाळ झाडीच्या मुलुखात उतरली ती केशरी पावलांनी. मोहाच्या पानगळल्या फांद्यांतून, कापल्या धानाच्या धसकटांवरून, बांधाबांधाला उजळीत ती पुढे सरकली आणि तलावाच्या पाळीवर येऊन थबकली. कारण तलाव उरला नव्हता. त्या विस्तीर्ण, रुपेरी, आभाळ पोटात घेणाऱ्या जलराशीच्या जागी मधोमध एक मलूल डबकं चमकत होतं, आणि त्याच्या चहूअंगांनी पसरला होता काळा, भेगाळलेला, तहानलेला तळ.

त्या डबक्यात, गुडघाभर पाण्यात, लुगडं वर खोचून देवका उभी होती. तिचे हात पाण्याखाली चाचपडत होते.

तीन आठवड्यांनी यंत्रं यायची होती. पिवळ्या पाठींची, लोखंडी जबड्यांची यंत्रं तलावाचा सारा गाळ उपसून नेणार होती. गाळाने तलाव उथळ झाला होता. माघ सरता सरता पाणी सरे, पाण्यामागून मासे सरत, आणि गावातल्या ढिवरांची जाळी खुंट्यांना लटकून राहत. म्हणून मच्छीमार संस्थेच्या सभेत ठराव आला: तलाव खोल करायचा. सगळ्यांत आधी वर गेलेला हात देवकाचा होता. न उठलेला एकच हात होता, तिच्या सासऱ्याचा. दसरू वलथरेचा.

“तळ खरवडाल तं चिऊल जाईल,” म्हातारा सभेत म्हणाला होता. “चिऊल गेली का मासोळी लपंल कुठी? अंडी कुठी घालंल?”

चिऊल म्हणजे पाण्याखालचं गवत. रेशमी फितींसारखी लांबच लांब पानं; वारा नसतानाही झुलणारी, उन्हाचे कवडसे अंगावरून ओघळू देणारी, मरळीच्या पिल्लांना पदराआड घेणारी. एकेकाळी साऱ्या तलावाचा तळ तिने हिरवागार पांघरला होता. अलीकडे ती विरळ झाली होती, विसरली गेली होती. दसरूचं बोलणं सभेतल्या हशात बुडालं. तो उठला, घरी आला, आणि त्या दिवसापासून सुनेशी बोलायचाच थांबला.

देवकाचा नवरा जाऊन पाच वर्षं झाली होती. लेक प्रणाली नागपूरला शिकत होती. घरात सासरा आणि सून, दोनच माणसं. आणि त्या दोघांमध्ये महिनाभर एक गढूळ शांतता साचून राहिली होती.

म्हणून देवका डबक्यात उतरली होती. तिला तलाव खोल हवा होता, आणि चिऊलही हवी होती. पाणी सोडायच्या दगडी तुडुंबापाशी, शेवाळलेल्या सावलीत, तिच्या बोटांना एकाएकी काहीतरी गुळगुळीत, सळसळतं, जिवंत लागलं. तिने श्वास रोखला. हळूच बोटं मातीत रुतवली. वर आलं ते हिरवं, लवलवतं, पाणी निथळणारं रोप. मग दुसरं. मग तिसरं. सात रोपं! ती डबक्यात एकटीच हसली, इतकी मोठ्याने, की काठावरचा बगळा उडाला.

पावसाळ्याने तलाव भरेपर्यंत ही सात रोपं जगवायची होती, एवढंच. एवढंच, पण केवढं!

माळ्यावर एक काचपेटी पडून होती. प्रणालीने कधीतरी हौसेने आणलेली, दोन फूट लांब, दीड फूट उंच. देवकाने ती उतरवली, राखेने घासली, ओसरीवर पूर्वेच्या उजेडात मांडली. काच अशी लखलखली की तिच्यात अंगण शिरलं, कडुनिंब शिरला, आभाळाचा एक निळा तुकडा शिरला. आता हवं होतं ते फक्त अंथरूण. मुळांनी अंग टाकावं असं, मुळांनी पोट भरावं असं.

पेटीसोबत आलेले चकचकीत पांढरे गोटे तिने आधी पसरले. दिसायला ते सुंदर होते. चांदण्यांचा चुरा सांडावा तसे. पण मुळांना त्यांत धर सापडेना. सकाळी उठून बघावं तर सातही रोपं पाण्यावर उताणी तरंगत. पुन्हा रोवावीत, पुन्हा तरंगावीत. त्या शुभ्र गोट्यांत ना ओल धरायची माया होती, ना घासभर अन्न.

मग तिला वाटलं, आपल्या तलावाचाच गाळ आणावा. माहेरची माती लेकीला परकी कशी होईल? पाटीभर ओला, काळाकुट्ट, तेलकट गाळ तिने पेटीत ओतला आणि रोपं आत रोवली. पाणी काढ्यासारखं झालं. चौथ्या दिवशी तळातून बुडबुडे सुटू लागले, एकामागून एक, आणि त्यांच्यासोबत कुजक्या अंड्यांचा भपकारा. देवकाने घाईघाईने रोपं उपटली. पाच रोपांची मुळं टोकाशी काळवंडली होती. दोन रोपं तर हातात आलीच नाहीत, बोटांतच विरघळली.

पाच उरली. ती तिने विहिरीच्या पाण्याने भरलेल्या पितळी घंगाळात ठेवली आणि ओसरीच्या पायरीवर बसून राहिली. हाताला काळा वास होता. डोळे भरले होते, पण पुसायचे कशाने?

मागे खाट करकरली. दसरू उठला होता. काठी टेकीत तो पेटीपाशी आला, वाकला, चिमूटभर गाळ उचलून नाकाशी नेला.

“गाळ वाईट नाई,” तो म्हणाला. महिन्याभराने म्हणाला. “गाळाले अजीर्ण झालं हाय. इतकी वर्सं पाण्याखाली नुसता खातच बसला ना तो. त्याले ऊन दाखव.”

देवका उठलीच. तिच्या पायांत जणू कुणी झरा सोडला!

अंगणात पोती पसरली. पोत्यांवर गाळ पसरला. फाल्गुनाचं तांबूस, तापट, निर्दय ऊन त्याच्यावर दिवसभर नाचलं. गाळ वाळला, तडकला, खापरांसारखा खडखडला. ती खापरं म्हाताऱ्याने बादलीत भिजवायला लावली, ढवळायला लावली, वर आलेला काळा फेस आणि कुजकी काडी ओतून द्यायला लावली. पुन्हा ऊन. पुन्हा पाणी. पुन्हा ऊन. आठवडा सरता सरता पोत्यावर एक भुरभुरीत, मऊ, करडी माती उरली. देवकाने ती पिठाच्या चाळणीने चाळली आणि ओंजळीत घेऊन हुंगली. वास नव्हताच, होता तो फक्त कोरड्या उन्हाचा.

पण धुतलेल्या मातीत अन्न कितीसं उरणार? मुळांच्या उशाशी शिदोरी हवी. देवकाने फोनवर लेकीला विचारलं.

“आई, खताच्या गोळ्या मिळतात,” प्रणाली म्हणाली. “मुळांजवळ पुरायच्या. वरचं पाणी खराब होत नाही, अन्न थेट मुळांना मिळतं. पाठवू का?”

“पोचायला किती दिवस लागतीन?”

“पाच-सहा.”

घंगाळातली पानं कडांनी पिवळू लागली होती. पाच-सहा दिवस म्हणजे फार झाले. देवकाची नजर कोपऱ्यातल्या धानाच्या खताच्या पिशवीवर गेली, हातही गेला.

“नाई!” दसरूने काठी आडवी धरली. “ते बांधीतलं खत हाय. बांधीत पाणी येते, जाते. या पेटीतलं पाणी जाईल कुठी? मुळं करपतीन.”

मग काय घालावं? शेणखत कुजेल. राख पाणी बिघडवेल. देवका अंगणात येरझारा घालू लागली. मनात एक एक पर्याय उगवे आणि मावळे. आणि मग तिची दृष्टी पलीकडच्या टेकडीवर स्थिरावली. उताराला उघडा पडलेला मुरूम सकाळच्या किरणांत कुंकवासारखा लाल झाला होता. तिने पुन्हा लेकीला फोन लावला.

“प्रणाली, चिउलीले लोखंड लागते का गं?”

“लागतं की! पानं हिरवी राहायला लागतंच.”

“आपल्या लाल मुरमात असंल?”

पलीकडून लेक ओरडलीच, “आई! त्याच्यामुळेच तर तो लाल आहे!”

त्या दुपारी ओसरीवर वरवंटा गडगडला. लाल मुरूम कुटला, वाटला, पातळ लुगड्याच्या तुकड्यातून गाळला. त्याची हळुवार, रक्तवर्ण धूळ देवकाच्या केसांवर, भुवयांवर, दसरूच्या पांढऱ्या मिशांवर बसली. कुंभाराकडची चिकण माती भिजवून तीत ती धूळ आणि मूठभर करडा गाळ कालवला. चिकण माती सारं घट्ट धरून ठेवील. पाण्यात सांडू देणार नाही, मुळांनी हात घातला तरच देईल. परातीच्या एका बाजूला सून बसली, दुसऱ्या बाजूला सासरा. जाळ्यांच्या गाठी मारून वाकडी झालेली त्याची बोटं बोराएवढ्या गोळ्या वळू लागली. लाल गोळ्या, गोमट्या गोळ्या, सावलीत सुकणाऱ्या इवल्या शिदोऱ्या.

पेटी भरायचा दिवस उजाडला. तळाला दोन बोटं करडी माती. मातीत, जिथे जिथे रोप लागणार तिथे तिथे, एक एक लाल गोळी. त्यावर वैनगंगेची भरड रेती; एवढी धुतलेली की शेवटचं पाणी आरशासारखं नितळ निघालं; तीन बोटं जाड, म्हणजे खालची माती उसळणार नाही. रेतीवर पळसाची पत्रावळ ठेवून देवकाने वरून पाण्याची बारीक धार सोडली. पत्रावळ हळूहळू तरंगत वर आली, आणि तिच्याखालचं पाणी निर्मळ राहिलं. निर्मळ! एकही कण वर उठला नाही. देवकाने टाळी वाजवली आणि लगेच पदर सावरला.

नेमका तेव्हाच पाळीपलीकडून गडगडाट आला. यंत्रं तलावात उतरली होती.

दसरूच्या हातात पहिलं रोप होतं. तो हात हवेतच थांबला. लोखंड मातीला भिडल्याचा आवाज ओसरीपर्यंत आला; म्हाताऱ्याच्या पापण्या मिटल्या.

“तू हात वर केला,” तो म्हणाला, “तवा मले वाटलं, हिले चिऊल म्हंजे काय तेच ठाव नाई.”

“ठाव हाय, मामाजी.” देवका म्हणाली. “तुमच्या लेकानंच दाखवली होती मले, लगनानंतर, डोंग्यातून. पन पानीच नाई राह्यलं तं चिऊल कोनाच्या भरवशावर जगंल? खोल पानी लागते तिले. थोडा वखत मी सांभाळतो, मग तलाव सांभाळंल.”

गडगडाट चालू होता. दसरूने डोळे उघडले. सुनेच्या ओल्या, नखांत लाल धूळ उरलेल्या हातांकडे त्याने पाहिलं, आणि मग रोप तिच्यापुढे धरलं.

“घे, लाव. मुळं आत जाऊ दे, पन गळा उघडा ठेव. गळा गाडला का सडते ते.”

पाच रोपं. पाच हिरव्या ज्योती.

चैत्र आला. रोज सूर्य उगवला की देवका काचेला नाक लावून बसे. एके सकाळी करड्या मातीत, काचेला चिकटून, तिला एक रेषा दिसली: पांढरी, केसाहून बारीक, लाल गोळीकडे निघालेली. मूळ! दुसऱ्या दिवशी ते गोळीपाशी पोचलं. तिसऱ्या दिवशी त्याने गोळीला कवेत घेतलं. आणि मग पानांना जाग आली. पोपटी, पारदर्शी, पाण्याच्या उंचीला न जुमानणारी पानं वर चढली, पृष्ठभागावर आडवी पसरली. रोपांनी रेतीवरून आडवे धागे सोडले, धाग्यांच्या टोकाला पिल्लं धरली, पिल्लांनी पुन्हा धागे सोडले.

वैशाखाने अंगार ओतला. देवकाने पेटीभोवती ओली पोती गुंडाळली, दुपारभर त्यांवर पाणी शिंपडलं. दसरू खाटेवरून पळसाच्या पंख्याने वारा घालत राहिला. पाचांची पन्नास झाली. पेटीत एक छोटं, दाट, झुलतं रान उभं राहिलं.

आणि एका सकाळी त्या रानातून एक तार वर निघालेली दिसली. सुतासारखी, मळसूत्रासारखी वळणं घेत घेत ती पाण्याच्या पाठीवर आली होती, आणि तिच्या टोकाला होतं एक फूल. तांदळाच्या कणीएवढं, दुधाळ.

“मामाजी! या ना, लवकर या!”

दसरू वाकला. त्याचा श्वास काचेवर उमटला. “मादी हाय,” तो कुजबुजला. “नर दुसऱ्या झाडाले येते. पाचांत एखादा असंल तं बी धरंल. नसंल तं...” त्याने वाक्य सोडून दिलं. पिल्लं कितीही झाली तरी ती आईचीच सावली. नवं बी हवं तर दोघं हवीत. आणि विरघळून गेलेल्या त्या दोन रोपांत काय होतं, ते कोण सांगणार?

एक दिवस गेला. दुसरा गेला. फूल वाट पाहत राहिलं. दोन माणसं काचेपाशी वाट पाहत राहिली. चहा निवला, भाकरी तव्यावर करपली.

तिसऱ्या सकाळी किरण तिरपे पाण्यात शिरले, तेव्हा पलीकडच्या कोपऱ्यातल्या रोपाच्या बुडाशी काहीतरी उकललं. एक पांढरा कण सुटला. वर निघाला. त्याच्यामागून दुसरा, तिसरा, मग अगणित. मोत्यांची पूड उलटी बरसावी तसे ते वर, वर, वर आले आणि पृष्ठभागाला टेकताच फुलले. इवल्या इवल्या होड्या झाल्या. पाण्यावर भिरभिरू लागल्या.

देवकाने ओठांचा चंबू केला. एक फुंकर, एवढीशी फुंकर घालावी, एखादी होडी तिकडे ढकलावी.

“थांब,” दसरू म्हणाला. “त्याले वाट ठाव हाय.”

तिने श्वास आवरला. फुलाभोवती पाण्याला नाजूक खळी पडली होती. एक होडी पानाला अडली. दुसरी काचेला लागून फिरत राहिली. तिसरी मंद, मंद, स्वतःभोवती गिरकी घेत त्या खळीच्या काठाशी आली, क्षणभर थरथरली आणि आत घसरली. फुलाला टेकली.

दुपार कलली तेव्हा ती हिरवी तार हलली, आखडली, वळणावर वळण घेत मिटू लागली. आणि आपलं फूल पोटाशी धरून खाली निघाली, पानांच्या सावल्यांतून खाली, संथ पाण्यातून खाली, मऊ, काळोख्या, उबदार मातीकडे.