रुमालाखालचा हात

मित्रांनो, मला रुमाल म्हणतात, पण मी नाक पुसायचा रुमाल नव्हे. मी घोडेबाजारातला सौद्याचा रुमाल आहे, आता बराच जुना. मला नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे. जन्मभर गुपितं झाकणाऱ्याला बोलायची सवय कुठून असणार?

माझा जन्म इचलकरंजीच्या मागावर झाला. हातकणंगल्याकडचे घोड्यांचे व्यापारी सयाजीराव यांनी मला खांद्यावर टाकलं आणि मी घोडे ओळखायला शिकलो. कानांची टोकं एकमेकांना टेकवणारा मारवाडी, रुबाबात मान ताठ ठेवणारा काठेवाडी आणि बुटका, पण दगडगोट्यांतून दिवसभर न थकणारा आपला भीमथडी. साऱ्यांचे सौदे माझ्याखाली झाले, याचा मला अभिमान आहे.

आमच्या बाजारात घोड्याची किंमत तोंडाने बोलत नाहीत. विकणारा आणि घेणारा माझ्याखाली हात घालतात. एक बोट म्हणजे दहा हजार. भोवती कितीही गर्दी असो, भाव त्या दोघांनाच कळतो. आणि मला.

गेल्या वर्षी सयाजीरावांना अर्धांगवायू झाला. उजव्या हाताची बोटं वळेनाशी झाली. मग त्यांच्या मुलीने, क्रांतीने, मला खांद्यावर घेतलं. घोड्यांचा खरारा, दाणावैरण, दुखणंखुपणं ती आधीपासून बघत होतीच. पण बाजारात तिच्या हातात कुणी हात देईना.

"बाईमाणसाचा हात रुमालाखाली धरायचा व्हय?" विजयसिंह नावाचे जुने व्यापारी म्हणाले. "घरात गेल्यावर आमची मंडळी भाकरी वाढंल का?"

"मग भाव वरडून सांगू का, काका?"

"सांग की. उद्यापासनं ह्याला भाजीमंडईच म्हणू."

सयाजीराव टेम्पोत बसून ऐकत होते. त्यांनी तिला जवळ बोलावलं. "क्रांते, आज एक जरी सौदा झाला, तर धंदा तुझा. न्हायतर सगळी जनावरं एकगठ्ठा देऊन टाकू."

दुपार कलली, तेव्हा हुपरीकडचे उदयसिंह आले. ते मुलांना घोडेस्वारी शिकवतात. त्यांना भीमथडी घोडी आवडली. त्यांनी तिचे दात बघितले, खूर उचलून बघितले. मग मात्र दोन्ही हात खिशात घालून उभे राहिले.

"घोडी झ्याक हाय. पण भाव कसा करायचा, पोरी?"

क्रांतीने क्षणभर विचार केला. मग माझं एक टोक स्वतःच्या उजव्या हाताला गुंडाळलं आणि उरलेला मी वरून सोडला.

"माझा हात नका धरू, पावणं. रुमालाचा धरा."

लोक हसले. उदयसिंहांनीही हसत आत हात घातला. इतकी वर्षं मी हातांच्या वर होतो. त्या दिवशी पहिल्यांदा हातांच्या मध्ये आलो.

क्रांतीने चार बोटं पुढे केली. उदयसिंहांनी ती माझ्यावरूनच एकेक चाचपली आणि पाचवंही दाबलं. "दिले," ते म्हणाले.

पाचवं बोट तिने दिलंच नव्हतं. घोडीसाठी क्रांतीने माझ्या त्याच टोकाला गुळाचा खडा बांधून ठेवला होता, तो त्यांच्या हाताला लागला होता. हे मला कळलं आणि तिलाही कळलं. ती गप्प राहिली असती, तर बाजारात कुणालाच पत्ता लागला नसता. तिकडे टेम्पोत सौदा झाला म्हणून सयाजीराव हसू लागले होते.

क्रांतीने हात बाहेर काढला, गाठ सोडली आणि खडा तळहातावर ठेवला. "थांबा पावणं. मी चारच दिलीत. पाचवं हे हाय."

"घ्या, पोरीनं भाव फोडला की," विजयसिंह म्हणाले.

उदयसिंह पोट धरून हसले. "तरी म्हटलं, हिची करंगळी एवढी टणक कशी?"

चारावर सौदा ठरला. गूळ घोडीने खाल्ला. विजयसिंह थोडा वेळ तिथेच घुटमळले, मग त्यांनी सदऱ्याची बाही वर सारली. "ते तुझं मारवाडी शिंगरू बघायचंय मला. रुमाल आण. आधी झटकून दाखव."

मित्रांनो, आता माझा मधला भाग विरला आहे, त्याला क्रांतीने ठिगळ लावलं आहे. जुनी वस्तू किंवा जुनी रीत टाकून देण्याआधी ती जरा वेगळी गुंडाळून बघा. कदाचित ती नव्या हाताला बसेल. मी तर अजूनही दर बाजाराला जातो आणि आता लोक मला क्रांतीचा रुमाल म्हणतात.