वारा येतो कुठून

श्रद्धा विमानातून उतरली ती पंखाला धरूनच. दोन पावलं कशीबशी चालली, गुडघ्यांवर हात टेकले आणि धावपट्टीच्या कडेला भडाभडा ओकली.

मे महिन्याचा तिसरा आठवडा होता. सकाळचे जेमतेम दहा वाजले होते, पण पाटण रोडवरच्या त्या पट्टीवर चपलेतूनही चटका बसत होता. विनता पाण्याची बाटली घेऊन धावली. लेकीला तिने कडुनिंबाखाली आणून बसवलं आणि ओल्या पदराने तिचं तोंड पुसलं.

"डोकं फुटून राहिलंय आई," श्रद्धा डोळे मिटूनच म्हणाली. "उतरताना पट्टी डबल दिसत होती."

"लू लागली, और क्या," मागून सरवटे साहेब म्हणाले. "मी आधीच सांगितलं होतं विनताताई, मे महिन्यात त्या काचेच्या डब्यात सव्वा तास बसायचं नाही. चलो, आता नोव्हेंबरपर्यंत विमान झाकून ठेवा."

अंबरीश सरवटे हवाई दलातून निवृत्त झालेले इंजिनियर. जबलपुरात हौसेने घरी विमान बांधणारी सात-आठ माणसं होती, त्यांच्या क्लबचे ते सर्वेसर्वा. पट्टी त्यांच्या साडूच्या शेतातली, शेडची किल्ली त्यांच्या खिशात आणि उड्डाणांची नोंदवही त्यांच्या हातात. त्यांनी तिथेच उभ्या उभ्या वही उघडली आणि हिंदीत एक ओळ लिहिली. विनताने ती त्यांच्या खांद्यावरून वाचली. 'पायलट गर्मी सहन करने में असमर्थ।'

"हे काहून लिहिलं?" तिने विचारलं.

"जे झालं ते लिहिलं."

"साहेब, पुढच्या महिन्यात तिचा इंटरव्ह्यू आहे. फ्लाइंग स्कूलवाल्यांनी या वहीची कॉपी मागितलीय. हे वाचून तिला कोण शिकवायला ठेवेल?"

"ताई, भावना वेगळी, नोंद वेगळी." त्यांनी वही मिटली. "पोरगी नाजूक आहे, त्यात लाज कसली?"

विनताला तो शब्द फार लागला. नाजूक! या पोरीने वयाच्या बाविसाव्या वर्षी व्यावसायिक वैमानिकाचं लायसन काढलं होतं. आणि हे विमान या दोघींनीच उभं केलं होतं. विनता बत्तीस वर्षं संरक्षण खात्याच्या फॅक्टरीत पत्र्याच्या कामावर होती. हाताखाली चाळीस माणसं. निवृत्त व्हायच्या आधीच तिने चेरीतालच्या घरी गॅरेजात पहिला पत्रा कापला आणि पुढची सात वर्षं घरची स्कूटर बाहेर उन्हात राहिली. डावा पंख तर दोन वर्षं हॉलमध्ये भिंतीला टेकून होता. हळदीकुंकवाला आलेल्या बायका त्याला वळसा घालून बसत आणि कुणी ना कुणी हमखास विचारी, "अहो, हे नक्की उडणार ना?" जानेवारीत ते उडालं. दोन माणसं बसतील एवढं, पुढे इंजिन, वर फुग्यासारखी काच.

तासाभरात श्रद्धाच्या तोंडावरची कळा बदलली. डोकेदुखी उतरली, तिने अर्धं केळंही खाल्लं. विनता तिच्याकडे बघत राहिली आणि तिच्या मनात काहीतरी खुपायला लागलं. लू लागलेली माणसं तिने फॅक्टरीच्या शेडमध्ये ढीगभर पाहिली होती. ती अशी तासाभरात उठून केळी खात नाहीत. शिवाय कडुनिंबाखाली तरी कुठे गारवा होता? इथेही अंग भाजत होतंच. मग नुसतं बाहेर आल्याने हिला बरं काहून वाटलं?

तिला एकदम जुनी गोष्ट आठवली. फॅक्टरीतल्या भट्टीचं धुराडं एकदा तुंबलं होतं. धूर डोळ्यांना दिसला नाही की नाकाला कळला नाही, पण दोन धडधाकट माणसं डोकं धरून खाली बसली होती.

"श्रद्धा, वर असताना काचेतले झरोके उघडे होते?"

"पूरे उघडे. वारा काही येत नव्हता पण."

गाडीत बसल्यावर विनता म्हणाली, "ऊन नाही ते. गॅस आहे."

गॅस गीझरच्या बाथरूममध्ये लावतात तसला विषारी वायूचा मीटर तिला हवा होता. नेपियर टाउनच्या दोन दुकानांत मिळाला नाही, म्हणून श्रद्धाने मागवला. चार दिवसांनी तो आला. त्या रात्री जेवताना विनताने नवऱ्याला बेत सांगितला. पहाटे एक छोटी फेरी, पट्टीच्या वरच. श्रद्धा चालवेल, मी शेजारी बसून मीटर आणि वारा बघेन.

अच्युतने रेल्वेच्या सिग्नल खात्यात आयुष्य काढलेलं. एका रुळावर दोन गाड्या येऊ द्यायच्या नाहीत, हा त्याचा धर्म. त्याने हातातला घास ताटात ठेवला.

"घरातल्या दोघी एकाच विमानात?"

"श्रद्धा चालवताना आकडे कसे बघेल? आणि मी बांधलंय ते, अच्युत. काय बिघडलंय हे मलाच कळेल."

"आणि वर बेशुद्ध पडलात तर?"

"सहा मिनिटांची फेरी. पट्टी सोडून कुठे जायचं नाही. मीटर ओरडला की खाली."

अच्युतने उठून कपाटातून निळ्या लोकरीचा गुंडा आणला. वाऱ्याची दिशा पाहायला लोकरीचे तुकडे लागतात हे तो सात वर्षांत ऐकून ऐकून शिकला होता. "मी पण येतो," एवढंच म्हणाला. आजवर एकदाही तो पट्टीवर आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सरवटे साहेब शेडच्या दारातच उभे होते.

"विनताताई, मी परवानगी देऊन नाही राहिलो."

"मी मागून नाही राहिली साहेब. सांगून राहिली." विनताने हात पुढे केला. "विमान माझ्या नावावर, पायलटचं लायसन चालू, मेडिकल चालू. किल्ली द्या. नाहीतर कुठल्या नियमाने अडवता ते वहीत लिहा, खाली सही करा."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मागे उभ्या असलेल्या अच्युतकडे पाहिलं. मग किल्ली तिच्या हातावर ठेवली, जरा आपटूनच.

विनताने लोकरीचे बोटभर तुकडे चिकटपट्टीने आत लावले. काही वरच्या काचेतल्या दोन्ही झरोक्यांपाशी, काही सीटच्या मागे, जिथे कापडी पडद्यापलीकडे विमानाची शेपटी पोकळ नळीसारखी लांब जाते. मीटर समोर. आकडा शून्य.

विमान उठलं. पट्टी खाली सरकली, त्यापलीकडे नांगरलेली काळी शेतं. श्रद्धाने झरोके उघडले. विनता झरोक्याजवळच्या लोकरीकडे टक लावून बसली. वारा आत आला असता तर लोकर तिच्या तोंडाकडे उडायला हवी होती. लोकर उलटी, भोकाकडे ताणून उभी राहिली. जणू बाहेरून कोणी ती ओढत होतं.

"श्रद्धा, झरोक्यातून वारा येत नाहीये! जाऊन राहिलाय!"

तिने मान वळवली. सीटमागची लोकर शेपटीकडून पुढे, थेट त्या दोघींकडे वाकली होती. कापडी पडदा फुगला होता.

मीटरवर चाळीस. मग नव्वद. चौथ्या मिनिटाला दीडशे ओलांडले आणि मीटर किंचाळायला लागला. श्रद्धाने झरोके फटकन बंद केले, इंजिन हलकं केलं आणि विमान पट्टीकडे वळवलं. खाली टेकताक्षणी विनताने काच ढकलून उघडली आणि दोघींनी छाती भरून गरम हवा आत ओढली. ती धुळीने भरलेली हवा त्या वेळी फार गोड लागली.

अच्युत धावत आला. "कसं वाटतंय? बोल ना!"

"छान वाटतंय," विनता म्हणाली, आणि खरंच तिला छान वाटत होतं. चोर सापडला होता.

तिने तिथेच, पंखाजवळ उकिडवं बसून सरवटे साहेबांना सगळं समजावलं. इंजिनाचा धूर पोटाखालून मागे जातो आणि शेपटीच्या फटींतून आत शिरतो. एरवी तो तिथेच घुटमळला असता. पण विमान धावतं तेव्हा फुगीर काचेवरून वारा सुसाट जातो आणि तिथे ओढ तयार होते. झरोके नेमके त्या ओढीच्या जागी. म्हणजे ते बसलेल्या माणसाची हवा बाहेर खेचतात, आणि तिची जागा भरायला शेपटीतला धूर पुढे येतो. "थंडीत आपण झरोके बंद ठेवत होतो, म्हणून काही झालं नाही. ऊन वाढलं, उघडले, आणि जितके जास्त उघडले तितकं विष जास्त."

साहेबांचा चेहरा उतरला, कारण झरोके काचेत पाडायचा सल्ला त्यांचाच होता. मूळ नकाशात ते खाली, विमानाच्या नाकाच्या बाजूला होते. 'पत्र्याला भोकं पाडू नका, काचेत पाडा, सोपं पडेल,' असं ते दोन वर्षांपूर्वी म्हणाले होते. विनताला तेव्हाही ते पटलं नव्हतं. पण एवढा मोठा माणूस सांगतो म्हणून तिने मान डोलावली होती. त्या मान डोलावण्याचा राग तिला आता साहेबांपेक्षा स्वतःचाच जास्त आला.

"मग काय करणार?" साहेबांनी विचारलं.

"पत्र्याला भोकं पाडणार."

"विनताताई, हे विमान आहे, कूलर नाही!"

"कूलरच आहे असं समजा," ती म्हणाली. "तुमच्या घरी कूलर लावता तेव्हा समोरची खिडकी उघडता की नाही? येणाऱ्या हवेला एक दार, जाणाऱ्या हवेला दुसरं. एवढंच करायचंय. काचेतले झरोके जायचं दार म्हणून राहू देत. यायचं दार मी करते."

"भोकाशी पत्रा फाटला तर?"

"भोकाभोवती दुसऱ्या पत्र्याची चौकट रिव्हेट करेन. हे मला तुम्ही शिकवू नका साहेब. बत्तीस वर्षं मी हेच केलंय."

तिने नकाशा काढून दिल्लीला विमान वाहतूक खात्याकडे मंजुरीसाठी पाठवला. आठ दिवसांनी होकार आला तसा तिने पत्रा कापायला घेतला. नाकाच्या दोन्ही बाजूंना, धुराच्या वाटेपासून लांब, पत्र्यात आत दबत गेलेली त्रिकोणी खाच. वारा तिच्यात आपोआप घसरत येतो, बाहेर काही उभं राहत नाही. तिथून नळी थेट बसणाऱ्याच्या छातीपर्यंत. पहिली खाच तिने ठोकून ठोकून बनवली आणि कडेला चीर गेली. टाकून दिली. दुसरी वाकडी आली. तीही टाकली. श्रद्धा म्हणाली, "चलेगा ना आई, एवढं कोण बघतंय?" विनता म्हणाली, "वारा बघतो." तिसरी बसली.

सीटमागचा कापडी पडदा काढून तिने पत्र्याची भिंत घातली. शेपटी वळवायला तिच्यातून जाणाऱ्या दांड्यांना रबरी मोजे चढवले. एकही फट ठेवली नाही. धुराची नळी चार बोटं खाली वाढवली. अच्युत शेजारी बसून रिव्हेट मोजून देत होता आणि प्रत्येक रिव्हेटवर नखाने टिचकी मारून पाहत होता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात दोघी पट्टीवर आल्या त्या भर दुपारी दोन वाजता. पारा त्रेचाळीसवर होता. क्लबमधले दोघे-तिघे सावलीत उभे राहून बघत होते.

"सकाळी आला असतात," सरवटे साहेब म्हणाले.

"सकाळी कोणीही उडेल," श्रद्धा म्हणाली. ती साहेबांना कधी असं बोलत नसे. विनताने तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही, पण ओठांच्या कोपऱ्यात हसली.

या वेळी विमान वर सव्वा तास राहिलं. पहिली दहा मिनिटं विनता मीटरवरची नजर काढेना. शून्य. झरोके पूर्ण उघडले, तरी शून्य. समोरच्या नळीतून वारा तिच्या गळ्यावर, छातीवर आदळत होता. गरमच वारा, पण वाहता. पाठीला चिकटलेलं ब्लाउज सुटलं. सीटमागची लोकर मेल्यासारखी खाली लोंबत होती, झरोक्याजवळची बाहेर ओढली जात होती, आणि आता ते बरोबरच होतं. खाली नर्मदेचा पट्टा उन्हात पांढरा दिसत होता. "अजून एक चक्कर मारू?" श्रद्धाने विचारलं. "दोन मार," विनता म्हणाली.

उतरल्यावर श्रद्धा पंखावरून टुणकन उडी मारून खाली आली. विनता मीटर घेऊन सरळ साहेबांकडे गेली.

"नोंद बदला."

"ताई, तुमचं विमान तुम्ही सुधारलंत, अभिनंदन. पण त्या दिवशी काय झालं ते आता सिद्ध थोडंच होतं?"

विनताने वाद घातला नाही. ती शेडमध्ये गेली, साहेब मागोमाग आले. साहेबांच्या विमानालाही काचेतच झरोके होते, सगळ्या क्लबला त्यांनीच तसं सांगितलं होतं. तिने मीटर त्यांच्या सीटवर ठेवला. "तुम्ही उडून आलात की दर वेळी डोकं दुखतं म्हणून गोळी घेता," ती म्हणाली. "चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणता. एकदा हा घेऊन उडा."

पाच दिवस काही कळलं नाही. सहाव्या दिवशी साहेबांचा फोन आला. आवाज खाली गेलेला. "विनताताई, तो मीटर अजून दोन दिवस ठेवू का? बाकीच्यांच्या विमानांत पण बघायचं म्हणतो."

"ठेवा. वहीसाठी मी उद्या येतेच."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी वही स्वतःच उघडून ठेवली होती. पेन घेऊन ते ती जुनी ओळ खोडायला लागले, तशी विनताने वहीवर हात ठेवला.

"खोडू नका. ती राहू द्या. खाली कारण लिहा, तुमच्या अक्षरात."

साहेबांनी मान खाली घातली आणि लिहिलं. 'कारण: संभवतः केबिन में गैस। पायलट पूर्णतः सक्षम।'

विनताने चष्मा चढवला, ओळ दोनदा वाचली आणि वही त्यांच्याकडे परत सरकवली.

"'संभवतः' काढा, साहेब."