चार वाजून दहा मिनिटांचा धूर

चिकलठाण्याच्या विमानतळावर बन्सी हवाई वाहतूक नियंत्रक म्हणून लागला त्याला तीन वर्षं झाली होती. दिवसाला मोजकीच विमानं. मधल्या वेळात टॉवरच्या काचेतून नव्या कारखान्यांची पत्र्याची छपरं बघत बसायचं. त्यातल्याच एका कारखान्यात त्याचा शाळासोबती कडुबा लेथवर होता. दोघं हर्सूलच्या पलीकडच्या एकाच गावचे. बन्सी मोठ्या शेतकऱ्याच्या घरचा, कडुबा बौद्धवाड्यातला. टॉवरच्या नोकरीची जाहिरात कडुबानंच पेपरात पाहून त्याला आणून दिली होती.

१९७८च्या जुलैअखेरीस विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव झाला आणि मराठवाड्यात गावोगावी दलितवस्त्यांची जाळपोळ सुरू झाली. आपल्या गावात असलं काही होणार नाही, असं बन्सी धरून चालला होता.

दोनचार दिवसांनी, पावसानं उघडीप दिलेली असताना, मुंबईहून येणाऱ्या विमानाच्या वैमानिकानं विचारलं, वायव्येला धुराचा मोठा लोट दिसतोय, तिकडं कारखाना आहे का? बन्सीनं नाही म्हणून सांगितलं. नेहमीच्या आवाजात वारा सांगितला, उतरायची परवानगी दिली आणि नोंदवहीत लिहिलं : चार वाजून दहा मिनिटं, वायव्येस आठ मैलांवर धूर. विमान थांबल्यावर त्यानं दुर्बीण उचलली. धूर त्याच्याच गावाच्या अंगाला होता.

रस्ते बंद होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तो सायकलवर गावात पोचला. बौद्धवाड्यात एकही छप्पर उरलं नव्हतं. कडुबाची आई चतुराबाई काळ्या पडलेल्या जोत्यावर बसली होती. लहानपणी बन्सीनं तिच्या हातची भाकर घरच्यांना चोरून खाल्ली होती. ती रडत नव्हती.

"तुझ्या भावानं काडी लावली, बन्सी," ती म्हणाली. "म्या त्याला वळखलं. त्यानं बी मला वळखलं."

बन्सीला तिच्यापुढं उभं राहवेना. तो घरी आला. थोरला भाऊ नानासाहेब ओसरीवर चहा पीत होता. आई मनकर्णाबाईनं मान वर केली नाही. नानासाहेब काही तरी नाकारील, निदान नजर चुकवील, असं बन्सीला वाटलं होतं. नानासाहेबानं बशी खाली ठेवली आणि कौतुकानं विचारलं,

"वरून दिसलं का रं?"

याच भावाच्या खांद्यावर बसून त्यानं जत्रा पाहिली होती. तो उंबऱ्याबाहेरूनच माघारी फिरला. हर्सूलपर्यंत सायकल हातात धरून चालत आला. तिच्यावर बसायचं असतं हेही त्याच्या ध्यानात नव्हतं.

खटला दोन वर्षांनी उभा राहिला. नानासाहेबासकट सगळ्या आरोपींचं म्हणणं, आग अंधार पडल्यावर लागली. म्हातारीला माणसं ओळखू येतीलच कशी? गावातले साक्षीदारही तेच सांगू लागले. तेव्हा कडुबा टॉवरच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. विमानाच्या नोंदी किती वर्षं ठेवतात, एवढंच त्यानं विचारलं. भावाचं नावही काढलं नाही.

बन्सीनंच सरकारी वकिलाला धुराच्या नोंदीचा दिवस सांगितला. वही कोर्टात मागवली गेली आणि बन्सी साक्षीला उभा राहिला. अक्षर कुणाचं, असं विचारल्यावर त्यानं आपलं म्हणून सांगितलं.

"तेव्हा उजेड होता?"

"लख्ख उजेड होता."

नानासाहेबाला अन् आणखी तिघांना शिक्षा झाली. त्या दिवसापासून घराचं दार बन्सीला बंद झालं.

पुढं त्याची बदली दिल्लीला झाली. रडारवर काही वर्षं काढल्यावर नियंत्रकांसाठी संगणकप्रणाली बनवणाऱ्या गटाचा तो प्रमुख झाला. चुकलेली नोंद पुसून नवी टाकायची सोय असावी, असा तरुण अभियंत्यांचा आग्रह होता. बन्सी एरवी ऐकून घेणारा माणूस. इथं मात्र हटला नाही. दुरुस्ती खाली लिहा, म्हणाला, पण आधीचं पुसता येता कामा नये. कारण त्यानं कुणाला सांगितलं नाही.

१९९१मध्ये कडुबाचा फोन आला. बन्सीची आई मनकर्णाबाई जाऊन आठ दिवस झाले होते. नानासाहेबानं कळवलंच नव्हतं. कडुबालाही ते बाजारात कुणाकडून तरी कळलं. फोन ठेवल्यावर बन्सी टेबलाशी तसाच बसून राहिला.

जानेवारी १९९४मध्ये विद्यापीठाला अखेर बाबासाहेबांचं नाव मिळालं. रजा घेऊन बन्सी औरंगाबादला आला आणि गारखेड्यात कडुबाच्या घरी उतरला. चतुराबाईला आता नीट दिसत नव्हतं. कोण आलंय, तिनं विचारलं. कडुबानं नाव सांगितलं. तिनं बन्सीचा हात चाचपून धरला आणि सुनेला त्याच्यासाठी पाणी आणायला सांगितलं.