चिखलीहून येणारी बाटली

चिंचवड स्टेशनजवळच्या दवाखान्यात कंपाउंडर लक्ष्मणराव सर्वांच्या आधी येत. कुलूप काढले की ते प्रथम खिडकी उघडत, मग स्टोव्हला पंप मारून त्यावर इंजेक्शनच्या सुया उकळायला ठेवत. पाणी उकळेपर्यंत खल धुऊन पालथा घातला जाई, औषधांच्या बरण्यांवरची धूळ पुसली जाई आणि कात्रीने कागदाच्या पट्ट्या कापल्या जात. पट्टीच्या कडेला कातरलेल्या खाचा म्हणजे औषधाचे डोस. तेवढ्यात बाहेर चपलांचे आवाज येऊ लागत. दापोडीच्या वर्कशॉपात कामाला जाणारे लोक खिडकीशी थांबत, पिशवीतून रिकामी बाटली काढत, ‘ताप’, ‘खोकला’, ‘हगवण’ असा एखादा शब्द बोलत, बाटली फळीवर ठेवत आणि गाडी पकडायला निघून जात. संध्याकाळी परतताना ते भरलेली बाटली घेऊन जात. डॉक्टर यशवंतराव येत तेव्हा बाकावर माणसे बसलेली असत आणि फळीवर बाटल्यांची रांग लागलेली असे. ते आधी माणसे पाहत आणि मग बाटल्या.

मित्रांनो, त्या रांगेत उभी राहणारी मी एक जुनी बाटली आहे. चिखलीच्या मालोजीची बाटली म्हणून मला सारे ओळखत. माझे सांगणे आनंदाचे नाही. तरी ते तुम्ही ऐकावे असे मला वाटते, कारण जे मी पाहिले ते दुसऱ्या कोणीही पुरते पाहिले नाही. डॉक्टरांनी दवाखाना पाहिला, घरच्यांनी घर पाहिले. दोन्हीकडचे सारे पाहिले ते मी एकटीने.

माझा जन्म तळेगावच्या बाजूला एका काचकारखान्यात झाला. भट्टीतून काढलेल्या तापल्या गोळ्यात एका कामगाराने लोखंडी नळीतून आपला श्वास फुंकला आणि मला आकार आला. पुढे पुण्याच्या एका औषधाच्या दुकानातून कसलेसे टॉनिक घेऊन मी चिखलीला आले. टॉनिक संपले, पण मला कोणी टाकले नाही. मालोजीच्या आईने, सुभद्राबाईंनी, मला राखेने घासून लख्ख केले, नवे बूच बसवले आणि देवाच्या शेजारच्या कोनाड्यात ठेवले.

ते दिवस मानाचे होते. घरात कोणाला ताप आला की मला खाली काढत. मालोजी मला पिशवीत घालून चिंचवडला नेई आणि मी लाल, कडू औषध भरून परत येई. थोरली सून मंजुळा हिचा हिवताप माझ्यातल्या औषधाने गेला. धाकटी सून शालन हिचा मुलगा भैरू तान्हा असताना त्याचे पोट बिघडले होते, तेही माझ्यामुळेच थांबले. “गुणाची हाय गं बाटली,” असे सुभद्राबाई शेजारणींना सांगत. डॉक्टरही मनापासून काम करणारे होते. त्यांच्या दवाखान्यात देवीची लस टोचली जाई, जखमा बांधल्या जात, अडलेल्या बाळंतिणीसाठी ते सायकलवरून कुठल्याही वस्तीवर जात. पण आजूबाजूच्या गावांना तो एकच दवाखाना होता. साध्या दुखण्याला माणसाऐवजी बाटली पाठवायची, ही तिथली रीतच पडून गेली होती. त्या रीतीने अनेकांची पायपीट वाचली. तिच्यामुळेच शालनला कोणी पाहिले नाही.

शालन ही मालोजीची बायको. तिचा खोकला पावसाळा सरला तरी थांबेना. मालोजी मला रोज कामावर जाताना घेऊन जाऊ लागला.

“काय मालोजी, आजपण बाटलीच?” लक्ष्मणराव विचारत. “हिचीच नाडी बघू का आता?”

“बघा की. लई लांबनं चालून आलीय बिचारी,” मालोजी म्हणे आणि मागे उभे असलेले लोक हसत. “मागलंच द्या. जरा जालीम करून द्या.”

मी पुन्हा भरली जाई. मी जाणत होते की माझ्यातल्या औषधाने तिचा घसा तेवढा ओला होतो. पहाटे घर जागे होण्यापूर्वी शालन परसात जाऊन एक फडके धूत असे, आणि त्या पाण्याचा रंग मी कोनाड्यातून पाहत असे. मला सर्व ठाऊक होते. फक्त बोलता येत नव्हते.

शेवटी एका संध्याकाळी डॉक्टर स्वतः खिडकीशी आले. मला हातात घेऊन त्यांनी विचारले, “मालोजी, हा खोकला कोणाला आहे?”

“घरच्यास्नी,” मालोजी खाली बघत म्हणाला.

“मग त्यांना घेऊन या. पाहिल्याशिवाय आता औषध मिळणार नाही.”

मी रिकामीच परतले. त्या रात्री जेवणे झाल्यावर मालोजीने आईला निरोप सांगितला. सुभद्राबाई बराच वेळ चुलीतली राख सारखी करत राहिल्या. त्यांची मुलगी छबू हिची सोयरीक रावेतला जुळत आली होती. घरात क्षय आहे असा नुसता संशय आला असता, तरी पाहुणे उठून गेले असते. हे त्या घरातल्या प्रत्येकाला कळत होते, म्हणून त्या रोगाचे नाव कोणी घेत नव्हते.

“रावेतची मानसं बाजाराला चिंचवडातच येत्यात,” त्या म्हणाल्या. “शालन त्या बाकावर खोकताना दिसली, तर छबू जलमभर घरात बसंल. मंजुळा जाईल.”

“म्या?” मंजुळा म्हणाली. “आत्ती, खोकला शालनला हाय.”

“मग औषध तिलाच पाजायचं हाय की. तुला कोण पी म्हणतंय? डाक्तरला बाईमानूस दिसल्याशी कारण. लगीन पार पडू दे, मग खुशाल दावू शालनला.”

मालोजीने मला उचलून कोनाड्यात ठेवले. शालन भैरूला थोपटत होती. तिने हात थांबवला, पण वर पाहिले नाही.

मित्रांनो, सुभद्राबाई दुष्ट नव्हत्या. शालनला त्यांनी कधी उपाशी ठेवले नाही, तिच्या वाट्याचे काम त्या गुपचूप स्वतः करत. त्यांना लेक आणि सून, दोघींनाही वाचवायचे होते. एकीला थोडे थांबता येईल, एवढाच त्यांचा समज होता.

दुसऱ्या दिवशी मंजुळा कपाळाच्याही खाली पदर ओढून डॉक्टरांसमोर बसली. मी सुभद्राबाईंच्या पिशवीत होते. डॉक्टर सभ्य गृहस्थ. खेड्यातल्या सुनेला पदर वर घ्यायला सांगून अवघडून टाकणे त्यांना प्रशस्त वाटत नसे. म्हणून ते असे सारे प्रश्न सासूलाच विचारत.

“रात्री घाम येतो का त्यांना?”

“न्हाई.”

“थुंकीतून रक्त?”

“न्हाई, न्हाई. नुस्ता खोकला.”

डॉक्टरांनी लुगड्यावरूनच पाठीला नळी लावली. “श्वास घ्या. सोडा. पुन्हा घ्या.” ते फार वेळ ऐकत राहिले. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. “छाती स्वच्छ आहे,” ते म्हणाले. “मला वेगळीच भीती वाटत होती. काळजी करू नका.”

मला ओरडावेसे वाटले. मी आतल्या आत तडकले असते तरी बरे झाले असते. लक्ष्मणरावांनी मला काठोकाठ भरले आणि नवी पट्टी चिकटवली.

परतीच्या वाटेवर मंजुळा म्हणाली, “आत्ती, सोच्छ छाती माझी हाय. तिची न्हाई.”

“गप चल.”

घरी आल्यावर सुभद्राबाईंनी शालनच्या डोक्यावरून हात फिरवला. “डाक्तर म्हनला, छाती सोच्छ हाय. काळजी करू नगंस.” हे बोलताना त्यांचा आवाज खरोखरच हलका झाला होता. त्यांना ते स्वतःलाही पटू लागले होते.

“कुनाची?” शालनने हळूच विचारले. सुभद्राबाई वाटीत औषध ओतू लागल्या.

त्यानंतर मी भरत राहिले, रिकामी होत राहिले. शालनच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. छबूच्या लग्नाची हळद दळायला काढली तेव्हा जात्याचा खुंटा धरताच तिला ढास लागली, आणि या वेळी फडके वेळेवर हाताशी नव्हते. मंजुळाने ते पाहिले. तिने पदराने जमीन पुसली, कोणाला हाक मारली नाही. आठवड्याच्या बाजाराला मेथी विकायला म्हणून ती निघाली, तेव्हा पाटीत जुड्यांच्या खाली तिने मला ठेवले होते.

ती खिडकीशी थांबली नाही. सरळ आत गेली, पाटी खाली ठेवली आणि डोक्यावरचा पदर मागे सारला.

“डाक्तर, मला वळखलं का?”

त्यांनी ओळखले नाही. तिचा चेहरा त्यांनी पाहिलाच नव्हता.

“मागं चिखलीची म्हनून तपासली ती म्या. खोकला माझ्या धाकट्या जावंला हाय. तिच्या खोकल्यातनं रगत पडतंय. लई दिस झालं.”

डॉक्टरांचा हात टेबलावर तसाच राहिला. “मी तोंड वर करा असंसुद्धा म्हणालो नाही,” ते म्हणाले. हे ते तिला म्हणाले नव्हते. मग त्यांनी बॅग उचलली आणि लक्ष्मणरावांना इतकेच सांगितले, “बाकावरच्या लोकांना थांबायला सांगा, नाहीतर उद्या यायला सांगा.”

मंजुळाबरोबर डॉक्टर चिखलीला आले, मी पाटीतच होते. घराच्या दारात सुभद्राबाई आडव्या उभ्या राहिल्या. “डाक्तर, तुमी हितं? गाव बघतंय. लगीन आठवड्यावर आलंय.”

“पाणी प्यायला थांबलो म्हणून सांगा.”

सुभद्राबाईंनी एकदा रस्त्याकडे पाहिले, एकदा मंजुळाकडे. मग त्या बाजूला झाल्या.

या वेळी डॉक्टरांनी सासूला काहीही विचारले नाही. ते शालनसमोर जमिनीवर बसले. “तुम्हीच सांगा,” ते म्हणाले. घाम येतो का, रक्त केव्हापासून पडते, ताप कोणत्या वेळी चढतो, असे त्यांनी एकेक विचारले आणि शालनने एकेक सांगितले. सांगताना तिला धाप लागत होती, पण ती थांबत नव्हती. ती इतके बोलते आहे हे त्या घरात कोणी पूर्वी ऐकले नव्हते. नळी लावून डॉक्टरांनी पाठ ऐकली, छाती ऐकली, पुन्हा पाठ ऐकली. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण या वेळी उतरला नाही.

अंगणात येऊन ते सुभद्राबाईंना म्हणाले, “क्षयच आहे. छातीच्या दोन्ही बाजू खराब झाल्या आहेत.”

“पर तुमीच म्हनला हुता, छाती सोच्छ...” सुभद्राबाई बोलता बोलता थांबल्या. त्यांनी तोंडावर हात ठेवला. मग त्यांनी विचारले, “पिंपरीला त्यो औषधाचा मोठा कारखाना झालाय म्हनत्यात. तिथलं काय?”

“ते औषध या दुखण्याला लागू पडत नाही. याची वेगळी इंजेक्शनं असतात. उद्यापासून मी इथं येऊन देईन. औंधच्या क्षयाच्या दवाखान्यात नावही घालतो, पण खाट कधी मिळेल ते सांगता येत नाही. आणि आता...” त्यांनी वाक्य पुरे केले नाही. “मूल कुठं निजतं?”

“तिच्या कुशीत. आईबिगर डोळाच लागत न्हाई त्याचा.”

“आजपासून नाही. तिच्याजवळ फार वेळ बसायचंसुद्धा नाही. खोकल्यातून त्याला लागण होईल. आजवर झाली नसली तर आपलं नशीब.”

हे शब्द शालनने आतून ऐकले. मंजुळाने मला तिच्या उशाशी ठेवले होते.

मित्रांनो, माणसाला बरे वाटावे म्हणून आपण औषध पाठवतो, फळे पाठवतो, निरोप पाठवतो. ते पोचले की आपले मन हलके होते. पण आजाऱ्याच्या तोंडाकडे कोणीतरी स्वतः पाहावे लागते आणि त्याचे दुखणे त्याच्याच तोंडून ऐकावे लागते. त्या घरात आणि त्या दवाखान्यात सारी भली माणसे होती. त्यांनी शालनसाठी मला कितीतरी वेळा भरले. तिला पाहायला मात्र त्यांना फार उशीर झाला.

मालोजी कामावरून यायचा होता. दिवस मावळताना शालन उठली. तिने भैरूला दुधात भाकरी कुस्करून भरवली, पण नेहमीसारखे मांडीवर घेऊन नव्हे. त्याला समोर बसवून, हात लांब करून. त्याचे तोंड पुसले. त्याने नेहमीप्रमाणे गळ्यात पडायला हात पसरले, तेव्हा तिने त्याला तसेच मंजुळाच्या कडेवर दिले.

“आजपासनं तुझ्यापाशी निजंल,” ती म्हणाली. “गोष्ट सांगावी लागती त्याला. कसली बी चालती.”

मंजुळाने मान डोलावली.

शालनने आपली घोंगडी, एक तांब्या, एक ताटली आणि मला उचलले. गोठ्यापलीकडे सरपण ठेवायची खोली होती. लाकडे एका बाजूला सारून तिने घोंगडी अंथरली. बाहेर अंगणात सुभद्राबाई उभ्या होत्या. “शालन, अगं, हितं नगं, मधल्या घरात...” असे त्या म्हणत होत्या. शालनने त्यांच्याकडे पाहिले, काही राग न धरता पाहिले, आणि दार लावून घेतले.

भैरू मंजुळाच्या कडेवरून उतरून पळत आला. दोन्ही हातांनी दार बडवू लागला. “आये, दार उघड. आये.”

शालन दाराला पाठ लावून खाली बसली. तिला ढास आली. त्याला आवाज ऐकू जाऊ नये म्हणून तिने पदराचा बोळा तोंडात दाबून धरला. दाराच्या फळ्यांतून त्याच्या हाताचे धक्के तिच्या पाठीला लागत होते. बराच वेळ ते लागत राहिले, मग हळू झाले, मग मंजुळाने त्याला उचलून नेले.

शालनने कडी काढली नाही.