अपघाताविना तीनशे पासष्ट

“दुखलं तर इस्त्रीला सांग, दोरीवरच्या चादरीला सांग. मालकीणबाईंना नको सांगूस. दुखऱ्या हाताला कुणी काम देत नाही, पोरी.”

वर्लीन तेव्हा सात वर्षांची होती आणि तिची आई परक्या घरातल्या परक्या चादरींवर पाणी शिंपडत होती. आईला जाऊन तीस वर्षं झाली. आवाज तेवढा मागे राहिला. उत्तर मिसिसिपीतल्या कारखान्यात तो वर्लीनबरोबर रोज पावणेसहाला आत शिरायचा आणि तिच्याबरोबरच बाहेर पडायचा.

कारखाना आरामखुर्च्यांचा होता. देशभरची माणसं संध्याकाळी ज्या खुर्चीत पाय वर करून पहुडतात, ती इथं जन्माला यायची. जन्म देणाऱ्यांनी मात्र तिच्यात बसायचं नाही, असा नियम होता. खुर्ची नीट कलते का हे बघायला एक वेगळा माणूस ठेवलेला होता. तो दिवसभर बसायचा आणि उभ्यानं राबणाऱ्यांपेक्षा त्याला पगार जास्त होता. बसण्याला कसब लागतं, असं कंपनीचं म्हणणं होतं.

फाटकातून आत येताच उंचावर एक हिरवा फलक दिसे. ‘अपघाताविना दिवस’ असं वर लिहिलेलं आणि खाली खिळ्यांना टांगलेले पत्र्याचे आकडे. रोज सकाळी आकडा बदले. आकडा तीनशे पासष्टला पोचला की प्रत्येकाला कंपनीचं नाव विणलेलं जाकीट मिळणार होतं, अंगणात मक्याच्या पिठात घोळवून तळलेल्या माशांची मेजवानी होणार होती आणि उत्तरेकडच्या मुख्य कचेरीतून उपाध्यक्ष स्वतः येणार होते. उपाध्यक्षांना त्या आकड्यासाठी काय मिळणार होतं, ते फलकावर लिहिलेलं नव्हतं. ते जाकीट नसावं.

माणसंही त्या आकड्याला जपायची, जसं अंगणातल्या एकुलत्या एका रोपाला जपावं तसं. कुणाचा अंगठा पिनेखाली आला तर तो चिकटपट्टी लावून खिशात जाई. कुणाची कंबर धरली तर ती घरी जाऊन धरायची. जानेवारीत एलादिओ नावाच्या माणसाची दोन बोटं करवतीखाली गेली. मागच्या फाटकानं रुग्णवाहिका आली आणि मागच्याच फाटकानं गेली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी फलक बघितला, तर आकडा एकानं वाढलेला. सुपरवायझर ग्रेडीनं समजावून सांगितलं की एलादिओ कंपनीचा नव्हता, माणसं पुरवणाऱ्या एजन्सीचा होता. म्हणजे बोटंही एजन्सीचीच. कंपनीची फक्त करवत, आणि करवतीला काही झालं नव्हतं.

तीनशे पस्तिसाव्या दिवशी, पाच मार्चला, वर्लीन बारा नंबरच्या टेबलावर खुर्चीचा सांगाडा पालथा करत होती. हे दोघांचं काम. दुसऱ्या माणसाला मागल्या महिन्यात कमी केलं होतं, काम मात्र कमी करायचं राहून गेलं होतं. उजव्या खांद्यात वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. तिनं आधी सांगाड्याकडे पाहिलं. सांगाडा शाबूत होता.

ग्रेडी हॉलोवे धावत आला. वर्लीन चर्चमधल्या रविवारच्या वर्गात शिकवायची तेव्हा पोरवयाचा हा ग्रेडी तिच्या पुढ्यात बसायचा, तिच्या हातची बिस्किटं खाऊन तिच्याच झग्याला हात पुसायचा. आता त्याच्या हाती टिपणवही होती. त्यानं बर्फ आणून दिला, दोन गोळ्या दिल्या, आणि आवाज खाली आणून विचारलं, घरी पडदे बिडदे टांगताना झालं असेल का. वर्लीन म्हणाली, घरी पडदे नाहीत. मग त्यानं वही मिटली.

“मिस वर्लीन, तुम्हाला मी काय शिकवणार. पण महिनाभराचाच तर प्रश्न आहे. दीडशे माणसं त्या आकड्याकडे डोळे लावून बसलीत. माझी खुर्चीही त्यावरच आहे.”

त्याच्याकडे खुर्ची होती, हे वर्लीनला तेव्हाच कळलं.

कंपनीचा नियम बिनचूक होता. दुखापत तीस दिवसांच्या आत सगळ्यांसमोर किंवा लेखी कळवायची. कळवली तर डॉक्टर, शस्त्रक्रिया, सुट्टी हे कंपनीच्या खर्चानं. एकतिसाव्या दिवशी तोच खांदा तुमचा खाजगी होतो. सुपरवायझरच्या कानात सांगितलेलं जमेस धरत नाहीत. वर्लीननं बोटांवर दिवस मोजले. मुदतीचा शेवटचा दिवस आणि जाकिटांचा दिवस एकच निघाला.

आणखी एक गोष्ट तिला ठाऊक होती, आणि ती कुठल्या फलकावर नव्हती. आधीचा सोफ्यांचा कारखाना परदेशी गेला तेव्हा ती चौदा महिने घरी होती. त्या चौदा महिन्यांत बेकारभत्त्यासाठी दर आठवड्याला तीन ठिकाणी अर्ज केल्याचा पुरावा सरकारला दाखवावा लागे, आणि गावात अर्ज करायला दोनच ठिकाणं होती. तिसरं म्हणून ती त्या बंद कारखान्यातच अर्ज टाकून यायची. सरकारनं कधी हरकत घेतली नाही.

तर वर्लीन गप्प राहिली. पिना मारायची बंदूक तिनं डाव्या हातात घेतली. उजवा हात अंगाशी धरून ती अशी चाले, जणू कुशीत झोपलेलं पाखरू नेतेय. टेबल अकरावरची लुएला रोज पहाटे तिच्याकडे यायची, तिच्या अंगात सदरा चढवायची, बटणं लावायची, केस विंचरायची. विंचरता विंचरता बोलायची.

“तुझे केस म्हणजे उशीतला कापूस. याचेही पैसे लावायला हवेत मी.”

“लाव. जाकिटातून वळते कर.”

“जाकिटाला हात लावू नकोस हां. मी माप लिहून दिलंय. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी विचारलं मला, तुझं माप काय म्हणून.”

दोघी हसल्या, आणि हसताना वर्लीनचा खांदा हलला, म्हणून ती हसायची थांबली. लुएला विंचरत राहिली. तिनं काही विचारलं नाही. कारखान्यात न विचारण्याला माया म्हणत.

चार एप्रिलला, शुक्रवारी, अंगणात कढया चढल्या. जाकिटांची चळत रचली गेली. उपाध्यक्ष ब्रँटली उतरले. माणूस देखणा, हसरा, हात इतके मऊ की हस्तांदोलन करणाऱ्याला आपल्याच हातांची लाज वाटावी. शोभेसाठी मांडलेल्या आरामखुर्चीत बसून त्यांनी भाषण केलं. दीडशे माणसं उभी राहून ऐकत होती.

ते म्हणाले की आपण एक कुटुंब आहोत. ते म्हणाले की या कुटुंबात वर्षभरात एकालाही साधा ओरखडा आलेला नाही. ते असंही म्हणाले की या वर्षी बाजार मंद असल्यानं पगारवाढीचा विचार पुढं ढकलावा लागतोय, पण सुरक्षितता ही पैशांत मोजता येत नाही. यावर टाळ्या पडल्या. मासे तळल्याचा वास येत होता.

मग ग्रेडीनं नाव पुकारलं. कारखान्यातली सर्वांत जुनी बाई, बावीस वर्षांची नोकरी, तिच्या हातून आजचा आकडा चढणार होता. त्यानं हे मुद्दामच ठरवलं असावं. आकडा चढवणारा हात तक्रार करायला वर होत नाही, एवढं तो शिकला होता. रविवारच्या वर्गात नव्हे, नंतर.

फलकाखाली शिडी लावली होती. उपाध्यक्षांनी पत्र्याचा पाच तिच्यापुढे धरला. वर्लीननं तो डाव्या हातानं घेतला. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. कोपर शिडीच्या दांड्यात अडकवत ती तीन पायऱ्या चढली. डावा हात खिळ्यापर्यंत सहज पोचत होता. पाच टांगायचा, उतरायचं, मासा खायचा, जाकीट घ्यायचं. लुएला घालेल अंगात.

तिनं मान वळवून खाली पाहिलं. बावीस वर्षं ती या माणसांच्या खांद्याला खांदा लावून उभी होती. वरून तिनं त्यांना कधी पाहिलंच नव्हतं. सगळी टाळ्या वाजवत होती. आठ नंबरचा ओटिस एका हातानं मांडीवर टाळी देत होता, दुसरा हात खिशात. दोन मापं मोठे हातमोजे घातलेली बाई टाळी वाजवल्यासारखं करत होती, आवाज येत नव्हता. कुणी कमरेला पट्टा आवळलेला, कुणी एकाच पायावर भार टाकलेला. लुएला अंगठा आत मुडपून चार बोटांनी टाळी वाजवत होती. रोज पहाटे बटणं लावायला तिला वेळ का लागतो, ते वर्लीनला आता कळलं. सगळ्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं, धुवून इस्त्री करून घातल्यासारखं.

ग्रेडी शिडीशी आला. हसतच, दातांच्या आडून तो पुटपुटला, “मिस वर्लीन, लावा आता. मासे गार होतायत.”

“होऊ देत.”

उपाध्यक्षांना वाटलं, बाई भारावल्या. ते खुर्चीतून म्हणाले की कुटुंबाला दोन शब्द सांगायचे असतील तर जरूर सांगा.

वर्लीननं पत्र्याचा पाच ग्रेडीच्या वहीवर ठेवला. टाळ्या आपोआप थांबल्या. कढईतल्या तेलाचा चर्र आवाज तेवढा राहिला. तिनं उपाध्यक्षांकडे नाही, ग्रेडीकडेही नाही, लुएलाकडे पाहत सांगितलं, वर्गात पोरांना धडा सांगावा तसं, सावकाश, प्रत्येकाला ऐकू जाईल असं.

“पाच मार्चला, बुधवारी, सकाळी दहाच्या सुमाराला, बारा नंबरच्या टेबलावर सांगाडा उलटताना माझा उजवा खांदा कामातून गेला. ग्रेडीला मी तेव्हाच सांगितलं होतं. आज तिसावा दिवस आहे. लिहून घ्या.”