पडद्यावरचे हात

रुग्णालयातल्या आचाऱ्याने गेले तीन महिने घरात एकच टुमणं लावलं होतं: सिनेमा लागू दे, मग बघा. सिनेमा स्वयंपाकावरचा आणि त्यातला नायक जगात भारी आचारी. प्रत्यक्षात त्याला साधा कांदा चिरता येत नव्हता, म्हणून जवळून दिसणारे हात आपल्या आचाऱ्याचे घेतले होते. ते त्याला वडिलांना दाखवायचे होते. अण्णांनी त्याच रुग्णालयात पस्तीस वर्षं रोग्यांसाठी शिजवलं होतं. तोंडभर कौतुक त्यांनी कधी केलं नाही. पण आई गेल्यापासून ते फक्त मुलाच्या हातचं, आणि त्यानेच वाढलेलं, जेवत. आचाऱ्याला तेवढं पुरत होतं.

उन्हाळ्यातली संध्याकाळ होती, आणि थिएटरातले पंखे नुसती गरम हवा ढवळत होते. सांडलेल्या सरबताने चपला जमिनीला चिकटत होत्या. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ मचमच खात होते आणि पाचही बोटं चाटून खुर्चीच्या पाठीला पुसत होते. आचाऱ्याला तिथेच शिसारी आली.

पडद्यावर चकचकीत भाजलेला मासा आला आणि लोकांच्या तोंडाला पाणी सुटलं. आचाऱ्याच्याही सुटलं, पण ते ओकारी येण्याआधीचं. चमक यावी म्हणून त्या माशाला त्यानेच लाकडाचं व्हार्निश फासलं होतं. तीन दिवस मासा दिव्यांखाली पडून होता. तिसऱ्या दिवशी कल्ल्यातून अळ्या वळवळत बाहेर आल्या, तेव्हा कोणीतरी त्या चिमट्याने वेचल्या आणि काम पुढे चालू झालं.

बायकोने त्याला कोपराने ढोसलं. तिने हात ओळखले होते. अण्णाही पुढे झुकून बघू लागले, कारण करंगळी जराशी उचलून सुरी धरायची लकब त्यांचीच होती. आचाऱ्याची छाती फुगली आणि लगेच त्याला पुढचा प्रसंग आठवला. फुशारकीच्या भरात तो ते साफ विसरला होता.

पुढे सुपाचं पातेलं आलं. हात चमच्याने सूप घेतो, नायक ते चाखतो, मान डोलावतो, आणि तोच चमचा परत पातेल्यात जाऊन फिरतो. नायकाच्या घामट काखेखालून हात घालून आचाऱ्याने हे तेरा वेळा केलं होतं. नायकाला सर्दी झाली होती. एकदा तर तो शिंकलाही होता.

अण्णांच्या स्वयंपाकघरात चव बघायची तर वेगळ्या पळीने एक थेंब तळहातावर घ्यायचा. ओठाला लागलेला चमचा पातेल्यात गेला, की पातेलं मोरीत. एका मदतनिसाच्या चुकीपायी त्यांनी एकदा दोनशे रोग्यांचं सूप ओतून दिलं होतं आणि पुन्हा चूल पेटवली होती.

बाहेर आल्यावर अजून उजेड होता. बायको वाटभर हातांचं कौतुक करत राहिली. घरी दाराशी चपला काढताना अण्णांनी विचारलं, "ते सूप खरं होतं?"

"हो. मीच केलं होतं."

"नंतर त्याचं काय केलंस?"

ओतून दिलं, असं म्हणणं सोपं होतं. पण या माणसाशी तो स्वयंपाकाबद्दल कधी खोटं बोलला नव्हता.

"दिवे उचलणारी माणसं जेवायची होती, अण्णा. वाढलं त्यांना."

"कोणी?"

"मीच."

आचाऱ्याला स्वतःचीच इतकी किळस आली, की त्याने मोरीवर जाऊन दोन वेळा साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले. मग ताटं मांडली, सकाळी केलेली आमटी गरम केली आणि नेहमीसारखा आधी अण्णांच्या ताटाशी वाकला.

अण्णांनी ताटावर पालथा हात धरला.

"सूनबाई," ते म्हणाले, "हात धू आणि तू वाढ."