शेपटाकडची घंटी

हेमलता घाबरली की तिची बस एका बाकाने लांबायची. आगारात याचं कुणालाच नवल नव्हतं, नव्या ड्रायव्हरची बस लांबतेच. जुन्या धोंडूदा ड्रायव्हरची म्हणे एकदा दोन गावांत उभी होती. पण हिची जरा जास्तच लांबली. प्रशिक्षणाचे साहेब फळ्यावर घाटाचं वळण काढून म्हणायचे, "इथे चुकलात की संपलं," आणि बाहेर तिच्या बसचा पत्रा कुरकुरायचा. परीक्षेच्या सकाळी बसचं तोंड चहाच्या टपरीपाशी होतं नि शेपूट अजून धुलाईच्या हौदावर.

आज करवंद घाटात बस वळली तर नोकरी कायम. नाही तर माहेरी म्हशी आणि भावजयीचे टोमणे. म्हशींचं तिला काही वाटत नव्हतं.

साहेब पुढे बसले. मागे, सुट्टीवर असलेले सगळे ड्रायव्हर खिडक्या धरून बसले होते.

"सुट्टी सोडून कशाला आलासा?" हेमलताने विचारलं.

"आमच्या येळंला कोणतरी आलंच हुतं की," धोंडूदा म्हणाला.

अगदी शेवटच्या बाकावर तिचे कंडक्टर मुजावरमामा, घंटीची दोरी धरून. त्यांनी दोनदा ओढली आणि बस निघाली.

वळणावर तोंड वळलं, अंग वळेना. साहेब म्हणाले, "पुस्तकात इतकी लांब बस नाही." बस आणखी एका बाकाने लांबली.

मग मागून निरोप येऊ लागले, बाकावरून बाकावर.

"डोंगराची कड सोडू नगंस."

"दमानं. अजून हाताएवढी जागा हाय."

"दरीकडं बघू नगंस. दरी आमी बघतो."

हेमलताने दरी त्यांच्यावर सोपवली आणि स्टिअरिंग फिरवलं. एकेक खिडकी कठड्याला न शिवता सुटत गेली. तिचा ऊर भरून आला. एवढा आनंद तिला लग्नातही झाला नव्हता.

बस मात्र आखूड झाली नाही.

वळण संपलं तेव्हा पुढे एक लाल बस सावकाश चढत होती. तिच्या मागच्या काचेत मुजावरमामा बसले होते. साहेबांनी चष्मा पुसला.

"ही आपलीच आहे," ते म्हणाले.

"हाय की, साहेब," हेमलता म्हणाली आणि तिने हॉर्न दिला.

मामांनी खिडकीतून हात काढून पुढे जायची खूण केली. दोन घंट्या वाजल्या. हेमलताने गिअर बदलला आणि स्वतःच्याच बसला ओव्हरटेक करायला गाडी उजवीकडे घेतली.